विद्युत पारेषण जाळ्याचे वास्तवदर्शी प्रारूप : जोखीम-अभ्यासाचा पाया

वीज वाहून नेणारे पारेषण जाळे कोणत्या परिस्थितीत कोसळेल, हे प्रत्यक्ष जाळ्यावर प्रयोग करून पाहता येत नाही. रुग्णालये, पाणीपुरवठा, रेल्वे आणि कारखाने ज्या वाहिन्यांवर अवलंबून आहेत, त्या मुद्दाम तोडून परिणाम नोंदविण्याची मुभा कोणालाच नसते. म्हणून अभियंते जाळ्याचे गणिती प्रारूप संगणकात उभारतात आणि बिघाड त्यात घडवून पाहतात. कोणता बिघाड किती संभाव्य आहे आणि तो झाल्यास किती जणांची वीज किती काळ जाईल, या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करणाऱ्या अभ्यासाला जोखीम-अभ्यास म्हणतात. त्याचे मोल सर्वस्वी प्रारूपावर ठरते. प्रारूप वास्तवापासून दूर गेलेले असेल, तर त्यातून निघालेले उत्तर कितीही काटेकोर दिसले तरी दिशाभूल करते. प्रारूप वास्तवदर्शी कशामुळे होते, ते कसे उभारतात आणि त्यावर विश्वास कितपत ठेवावा, याचा हा आढावा.

प्रारूपाचे घटक

पारेषण जाळ्याच्या प्रारूपात उपकेंद्रे हे बिंदू आणि वाहिन्या हे त्यांना जोडणारे दुवे असतात. उपकेंद्रातील ज्या वाहकपट्टीवर जनित्रे, रोहित्रे व वाहिन्या एकत्र येतात तिला 'बस' म्हणतात. प्रारूपाचा आकार सामान्यतः बसच्या संख्येने सांगितला जातो. प्रत्येक वाहिनीची लांबी, तिच्या विद्युतदाबाची पातळी, प्रवाहाला होणारा एकूण अडथळा म्हणजे इम्पीडन्स आणि तारा तापून त्यांचा झोल धोकादायक होण्यापूर्वी तिला पेलणारा भार, एवढ्या बाबी किमान नोंदवाव्या लागतात. जनित्रांची क्षमता आणि प्रत्येक उपकेंद्रावरील मागणी त्यात भरली की गणित सुरू करता येते.

वीज मालगाडीप्रमाणे आखून दिलेल्या एकाच मार्गाने जात नाही. उपलब्ध असलेल्या सर्व समांतर मार्गांत ती विभागली जाते. ज्या मार्गाचा अडथळा कमी, त्यावरून अधिक. त्यामुळे एक वाहिनी बंद पडताच तिचा भार क्षणार्धात शेजारच्या वाहिन्यांवर जातो. ही वाटणी काढण्याच्या गणिताला भारप्रवाह-गणित म्हणतात. त्याची एक सोपी पद्धत सर्व बसवरील विद्युतदाब समान धरते; ती जलद असते आणि हजारो शक्यता तपासण्यास उपयोगी पडते. दुसरी, पूर्ण पद्धत विद्युतदाबातील चढउतारही मोजते. जोखीम-अभ्यासात कोणती पद्धत वापरली, याला मोठे महत्त्व का आहे, हे आपल्याकडील एका घटनेवरून चांगले समजते.

बीना–ग्वाल्हेर वाहिनीची साक्ष

३० जुलै २०१२ रोजी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी देशाचे उत्तर विभागीय जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी १ वाजता, उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग एकाच वेळी अंधारात गेले. पहिल्या दिवशी सुमारे ३६,००० मेगावॅट आणि दुसऱ्या दिवशी सुमारे ४८,००० मेगावॅट भार तुटला. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो बंद पडली. दोन्ही दिवशी घटनांची सुरुवात एकाच ठिकाणी झाली : मध्य प्रदेशातील ४०० किलोव्होल्टच्या बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर.

त्या वाहिनीवर कोणताही दोष निर्माण झाला नव्हता. तार तुटली नव्हती, झाड पडले नव्हते, वीज कोसळली नव्हती. तिच्या समांतर असलेली दुसरी वाहिनी ७६५ किलोव्होल्टला उन्नत करण्याच्या कामासाठी बंद ठेवलेली होती, पश्चिम व उत्तर विभागांना जोडणारे आणखी काही दुवेही त्या वेळी उपलब्ध नव्हते, आणि उत्तर विभाग ठरलेल्यापेक्षा अधिक वीज उचलत होता. परिणामी उरलेल्या वाहिनीवरील प्रवाह वाढला आणि विद्युतदाब घसरला. वाहिनीचे रक्षण करणारा अंतर-रिले विद्युतदाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर मोजत असतो. दूरवर कोठे तरी दोष उद्भवला तर हे गुणोत्तर लहान होते आणि रिले वाहिनी तोडतो. अतिभार आणि पडलेला विद्युतदाब यांमुळेही गुणोत्तर लहान होते. रिलेच्या तिसऱ्या, सर्वांत लांब पल्ल्याच्या टप्प्याने या भारालाच दोष मानले आणि वाहिनी सोडवली. त्यानंतर तो भार पूर्वेकडील लांबच्या मार्गाने उत्तरेला जाऊ लागला, विभागांमध्ये विजेचे हेलकावे सुरू झाले आणि एकामागून एक वाहिन्या सुटत गेल्या. वारंवारता घसरल्यावर आपोआप भार कमी करणाऱ्या यंत्रणेकडून अपेक्षित दिलासा मिळाला नाही. पश्चिम विभाग दोन्ही दिवशी तगला.

प्रारूप उभारणाऱ्यांसाठी या घटनेचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या प्रारूपात सर्व वाहिन्या चालू धरलेल्या असतात, त्याला बीना–ग्वाल्हेरचा धोका दिसणार नाही. ज्यात विद्युतदाब सर्वत्र समान मानलेला असतो, त्याला रिलेने मोजलेले गुणोत्तर कळणार नाही. ज्यात वाहिन्यांच्या तापमर्यादा असतात पण रिलेची मांडणी नसते, त्याला वाहिनी केव्हा सुटेल हे सांगता येणार नाही. अशी तिन्ही प्रारूपे नकाशाच्या दृष्टीने बिनचूक असू शकतात.

चाचणीसाठीची जुनी जाळी

संशोधनात दीर्घकाळ वापरली गेलेली चाचणी-जाळी लहान आणि जुनी आहेत. 'आयईईई' या अभियंत्यांच्या संस्थेच्या नावाने ओळखले जाणारे ११८ बसचे जाळे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील १९६२ मधील एका वीज कंपनीच्या जाळ्याच्या तुकड्यावरून घेतलेले आहे. भारप्रवाहाचे गणित तपासण्यास ते आजही उपयोगी पडते. मात्र त्यात आजची वाहने, वातानुकूलन, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प यांचा मागमूसही नाही.

जोखीम-अभ्यासासाठी खास तयार झालेले आरंभीचे जाळे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २४ बस, ३२ जनित्रे, ३,४०५ मेगावॅट स्थापित क्षमता आणि २,८५० मेगावॅटची कमाल मागणी होती. त्याचे वेगळेपण आकारात नव्हते. प्रत्येक जनित्र सरासरी किती तासांनी बिघडते व दुरुस्तीला किती वेळ लागतो, वाहिन्या वर्षाला किती वेळा बंद पडतात, मागणी तासागणिक आणि ऋतूगणिक कशी बदलते, ही माहिती त्यात प्रथमच पद्धतशीर दिली होती. १९९६ मध्ये अशी तीन जाळी एकमेकांना जोडून ७३ बसचे जाळे करण्यात आले. संभाव्यतेच्या आकड्यांविना जोखीम मोजता येत नाही, हे या जाळ्यांनी रूढ केले.

१९९८ मध्ये वॉट्स आणि स्ट्रोगाट्झ या गणितज्ञांनी 'लघुविश्व' जाळ्यांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात पश्चिम अमेरिकेच्या ४,९४१ बिंदूंच्या वीजजाळ्याचे उदाहरण घेतले. त्यानंतर केवळ जोडण्या पाहून जाळ्याची दुर्बलता सांगणारे अनेक निबंध आले. कोणत्या बिंदूला किती वाहिन्या मिळतात एवढ्यावरून त्यांनी सर्वाधिक धोकादायक उपकेंद्रे ठरविली. विद्युतशास्त्राचे नियम गणितात धरले की ही क्रमवारी पुष्कळदा बदलते, हे पुढे दाखविण्यात आले. वाहिनीवरून जाणारा भार तिच्या जोडण्यांच्या संख्येवर ठरत नाही. तो इम्पीडन्स, निर्मिती आणि मागणी यांवर ठरतो.

कृत्रिम जाळ्याची गरज

खऱ्या जाळ्याचे संपूर्ण प्रारूप वीज कंपन्या आणि भारप्रेषण केंद्रे यांच्यापाशी असते. ते सर्वांना खुले करता येत नाही; कोणती दोन उपकेंद्रे निकामी केल्यास मोठा प्रदेश अंधारात जाईल, हे ज्याला कळावे त्यालाच कळेल अशी खात्री नसते. २००१ मधील सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत या माहितीवरील निर्बंध अधिक कडक झाले. निर्बंधांमागील कारण योग्य असले, तरी त्यांचा एक दुष्परिणाम होतो. ज्या प्रारूपावर निष्कर्ष आधारलेला आहे ते इतरांना पाहता येत नसेल, तर तो निष्कर्ष कोणाला पडताळताही येत नाही.

यावर कृत्रिम जाळे हा उपाय निघाला. खऱ्या प्रदेशावर कल्पित उपकेंद्रे आणि वाहिन्या मांडून, खऱ्यासारखे वागणारे पण कोणत्याही खऱ्या वाहिनीचे गुपित न सांगणारे जाळे तयार करायचे, ही त्यामागील कल्पना. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या 'आर्पा-ई' संस्थेने या कामाला अर्थसाहाय्य दिले. त्यातून टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी टेक्सासच्या भूमीवर २,००० बसचे जाळे रचले. पुढे १०,०००, २५,००० आणि ७०,००० बसची जाळीही तयार झाली. टेक्सासच्या खऱ्या जाळ्यात ३४५ किलोव्होल्ट ही मुख्य उच्च पातळी आहे. या २,००० बसच्या जाळ्यात सर्वोच्च पातळी ५०० किलोव्होल्टची आहे. दोन्हींची गफलत होऊ नये, याची काळजी अशी रचनेतच घेतली गेली.

उभारणीचे टप्पे

आरंभ लोकवस्तीपासून होतो. जनगणनेतून कोठे किती माणसे राहतात हे कळते आणि त्यावरून विजेची मागणी भूभागावर पसरविली जाते. वीजकेंद्रांची जागा, इंधन आणि क्षमता ही माहिती बहुधा जाहीर असते. मागणी आणि निर्मितीचे हे ठिपके जवळीक पाहून एकत्र गोळा केले की कल्पित उपकेंद्रे तयार होतात.

दुसरा टप्पा विद्युतदाबाच्या पातळ्या ठरविण्याचा. मोठी शहरे व मोठी वीजकेंद्रे सर्वोच्च पातळीच्या जाळ्याला जोडली जातात. उरलेली बहुसंख्य उपकेंद्रे खालच्या पातळीवर राहतात. दोन पातळ्यांना जोडणारी रोहित्रे किती आणि कोठे असावीत, हेही याच वेळी ठरते.

तिसरा टप्पा वाहिन्या आखण्याचा असून तो सर्वांत अवघड आहे. खऱ्या जाळ्यात प्रत्येक बसला सरासरी अडीच ते तीन वाहिन्या मिळतात. नकाशावरील उपकेंद्रे त्रिकोणांच्या जाळीने जोडली, तर खऱ्या वाहिन्यांपैकी बहुतेक या त्रिकोणांच्या बाजूंवर किंवा त्यांच्या अगदी निकट आढळतात, असे अभ्यासकांना दिसून आले आहे. म्हणून या बाजूंमधून वाहिन्या निवडतात, भारप्रवाह काढतात, अतिभार दिसेल तेथे वाहिनी वाढवतात, निरुपयोगी ठरेल ती काढून टाकतात, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवतात. कोणतीही एक वाहिनी किंवा जनित्र बंद पडले तरी बाकीचे जाळे तग धरेल, ही कसोटी त्यात पाळली जाते. खरे जाळेही याच नियमाने वाढलेले असते.

चौथा टप्पा विद्युतदाब सांभाळण्याचा. लांब वाहिन्यांच्या टोकाला विद्युतदाब घसरतो आणि भार कमी असताना तो वाढतोही. त्यासाठी कपॅसिटर आणि रिअ‍ॅक्टर कोठे बसवावेत, हे ठरवावे लागते. हा टप्पा टाळला तर पूर्ण पद्धतीचे भारप्रवाह-गणित मोठ्या जाळ्यावर सुटतच नाही.

खरेपणाची परीक्षा

कृत्रिम जाळ्याची एखादी वाहिनी खऱ्या वाहिनीशी ताडून पाहता येत नाही, कारण तशी वाहिनी अस्तित्वातच नसते. म्हणून परीक्षा समूहाची घेतात. वाहिन्यांच्या लांबीची विभागणी, इम्पीडन्सचे प्रमाण, किती वाहिन्या निम्म्याहून अधिक भारित आहेत, किती उपकेंद्रांवर निर्मिती आहे, अशा कितीतरी मोजमापांत ते खऱ्या जाळ्यांच्या पल्ल्यात बसते का, हे पाहिले जाते.

खऱ्या जाळ्याच्या प्रारूपाची परीक्षा याहून कठोर असते : घडून गेलेली घटना त्यात पुन्हा घडते का? १० ऑगस्ट १९९६ रोजी पश्चिम अमेरिकेचे जाळे वाढत जाणाऱ्या हेलकाव्यांनी फुटले आणि सुमारे ७५ लाख ग्राहकांची वीज गेली. नंतर त्या क्षणाची परिस्थिती अधिकृत प्रारूपात भरून पाहिली, तेव्हा प्रारूपातील जाळे स्थिर राहिले. प्रत्यक्षात कोसळलेली व्यवस्था कागदावर सुरक्षित होती. जनित्रांच्या नियंत्रकांचे वर्तन, मागणीचे स्वरूप आणि एकदिश प्रवाहाच्या वाहिनीचे नियंत्रण यांची वर्णने सुधारल्यावरच प्रारूप घटनेशी जुळू लागले. त्यानंतर पश्चिम अमेरिकेत जनित्रांची प्रत्यक्ष चाचणी घेऊन प्रारूपातील नोंदी तपासण्याची शिस्त आली.

नोंदी ताज्या नसणे हा दुसरा दोष. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओंटारिओ येथील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या दुपारी तेथील एका प्रादेशिक नियंत्रण केंद्रातील संगणकीय प्रारूपात बंद पडलेल्या वाहिनीची स्थिती आपोआप नोंदली गेली नव्हती. प्रारूप आणि प्रत्यक्ष जाळे यांचा मेळ न बसल्याने पुढील धोक्याचा अंदाज देणारे साधन ऐन वेळी निरुपयोगी ठरले.

जोखमीसाठी लागणारे जादा थर

नियोजनाच्या प्रारूपात वाहिन्या, जनित्रे व मागणी एवढे असले तरी पुष्कळ काम भागते. जोखमीच्या प्रारूपात आणखी काही थर चढवावे लागतात. पहिला थर संरक्षणाचा : रिले केव्हा वाहिनी सोडवतील, वारंवारता किती घसरल्यावर कोणता भार तोडला जाईल. दुसरा थर बिघाडांच्या मालिकेचा. अमेरिकेतील घटनांच्या नोंदी अभ्यासल्या असता, अतिविशाल अंधारपर्व सर्वसाधारण सांख्यिकी सूत्राने यावीत त्याहून अधिक वेळा येतात, असे आढळले आहे. याचे कारण, एका बिघाडाने दुसऱ्याची शक्यता वाढते. प्रत्येक बिघाड स्वतंत्र मानून शक्यतांचा गुणाकार केला, तर मोठ्या घटनेची जोखीम फारच कमी भासते.

तिसरा थर समान कारणांचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये तीव्र थंडी पडली, तेव्हा वायूच्या विहिरी, वाहकनळ्या, औष्णिक केंद्रे आणि पवनचक्क्या एकाच हवामानाने एकत्र अडचणीत आल्या, आणि त्याच वेळी घरे उबदार ठेवण्यासाठी मागणी वाढली. वारंवारता ६० हर्ट्झवरून ५९.३ पर्यंत उतरली आणि २०,००० मेगावॅटपर्यंत भार तोडावा लागला. वीज तोडलेल्या ठिकाणांत वायुपुरवठ्याची काही केंद्रेही होती. त्यामुळे वीजकेंद्रांचे इंधन आणखी आटले. या घटनेचा अभ्यास संशोधकांनी टेक्सासच्या कृत्रिम जाळ्यावर केला आणि कोणत्या उपायाने तुटवडा किती कमी झाला असता हे तपासले. ते जाळे सर्वांना खुले असल्याने इतरांनाही तो हिशोब पुन्हा मांडता येतो.

चौथा थर विद्युतदाबाचा आहे. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेथे विद्युतदाब वाढत गेल्याने निर्मितीकेंद्रे एकामागून एक तुटली. विद्युतदाब समान मानणाऱ्या पद्धतीला अशी घटना दिसण्याचा संभवच नाही.

सीमा कोठे आखावी

प्रारूप राज्याच्या सीमेवर कापता येत नाही. गोव्याचेच उदाहरण घ्यावे. राज्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. वीज बाहेरून येते, कोल्हापूर–म्हापसा ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी एका बाजूने आणि कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्याला येणारी २२० किलोव्होल्टची वाहिनी दुसऱ्या बाजूने. केवळ गोव्याचे प्रारूप केले तर राज्याची सर्वांत मोठी जोखीम प्रारूपाच्या बाहेरच राहील. सीमेपलीकडच्या जाळ्याचे संक्षिप्त रूप आत घ्यावे लागते, आणि ते संक्षिप्त रूप बिघाडाच्या वेळीही खरे वागेल याची तपासणी करावी लागते.

सीमा काळानुसार बदलतेही. जुलै २०१२ मध्ये बेळगाव ज्या दक्षिण विभागात येते, तो उर्वरित देशाशी एका तालात चालत नव्हता. दोन्हींमध्ये एकदिश प्रवाहाचे दुवे होते आणि उत्तरेतील हेलकावे दक्षिणेत पोहोचले नाहीत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि संपूर्ण देशाचे जाळे एका वारंवारतेने चालू लागले. या जोडणीमुळे दक्षिणेला टंचाईत वीज मिळण्याचा मार्ग रुंदावला. त्याबरोबर २०१२ च्या नकाशावर काढलेले जोखमीचे अंदाज बेळगाव, हैदराबाद आणि सोलापूर या सर्वांसाठी कालबाह्य झाले.

शहराच्या पातळीवरही हेच लागू पडते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा कळव्याकडे येणारी एक वाहिनी देखभालीसाठी बंद होती आणि नंतर इतर वाहिन्या सुटल्या. अशा प्रसंगी शहर बाहेरच्या जाळ्यापासून अलग करून स्थानिक निर्मितीवर चालविण्याची मुंबईची व्यवस्था त्या दिवशी अपेक्षेप्रमाणे टिकली नाही. ती चालेलच असे गृहीत धरणाऱ्या प्रारूपात मुंबईची जोखीम वास्तवाहून कमी दिसली असती.

निष्कर्ष वाचताना

कृत्रिम जाळ्यावरील अभ्यास एखाद्या खऱ्या उपकेंद्राबद्दल काहीही सांगू शकत नाही. अमुक शहराची वीज अमुक दिवशी जाईल, असा अर्थ त्यातून काढणे चूक ठरते. नव्या संरक्षण-पद्धतीने मालिका-बिघाड कमी होतात का, सौर वीज वाढल्यावर कोणत्या प्रकारचे धोके वाढतात, उष्णतेच्या लाटेत देखभाल पुढे ढकलावी का, अशा सर्वसाधारण प्रश्नांची उत्तरे मात्र त्यावर उघडपणे तपासता येतात. विशिष्ट राज्याचा किंवा शहराचा निर्णय घ्यायचा असेल, तेव्हा खरे प्रारूप असलेल्या भारप्रेषण केंद्राकडेच जावे लागते.

जाळ्याच्या सुरक्षिततेचा कोणताही अहवाल हाती आला, तर वाचकाने त्यात पुढील गोष्टी शोधाव्यात : देखभालीसाठी बंद असलेल्या वाहिन्या धरल्या होत्या का, विद्युतदाब मोजला होता का, रिलेचे वर्तन त्यात होते का, एकाच कारणाने होणारे एकत्र बिघाड विचारात घेतले होते का, आणि पूर्वी घडलेली एखादी घटना त्या प्रारूपात पुन्हा घडवून पाहिली होती का. ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर जे घडले, त्यात यांपैकी पहिल्या तीन बाबी एकाच वेळी उपस्थित होत्या. चौथी टेक्सासने दाखविली आणि पाचवीची गरज १९९६ च्या अमेरिकी घटनेने सिद्ध केली.